मेल खरंच कुठून आलाय हे हेडरमधून कसं बघायचं

"केवायसी संपलंय, आजच अपडेट करा नाहीतर खातं बंद" असा मेल आला आणि वर बँकेचं नाव दिसलं म्हणून तो बँकेचाच, असं प्लीज धरू नका. ते फ्रॉम म्हणजे आतल्या पत्रावर लिहिलेलं नाव, तिथे कोणीही काहीही लिहू शकतो, मेल पोचवणारे सर्व्हर (कंपन्यांचे कॉम्प्युटर) बाहेरचं पाकीट बघतात, म्हणजे ते एकमेकांना वेगळे सांगतात ते पत्ते. १९८२ च्या एसएमटीपीपासून (मेल पोचवण्याचे नियम) हे असंच चालू आहे, एक सर्व्हर दुसऱ्याला आधी 'मेल फ्रॉम' (पाठवणारा) सांगतो, मग 'आरसीपीटी टू' (घेणारा), आणि नंतर 'डेटा' म्हणून पत्र देतो. बीसीसी (बाकीच्यांना न कळता प्रत पाठवणं) त्यामुळेच जमतं, तो पत्ता फक्त पाकिटावर असतो.

आता बघायचं कसं? लिंक अजिबात दाबू नका. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मोबाइल अ‍ॅपमध्ये हे मिळत नाही. मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके, त्यात 'शो ओरिजिनल'. तिथे हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या नोंदी, दिसतात.

वरच एसपीएफ, डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही), डीमार्क या पाठवणाऱ्याच्या तीन तपासण्या दिसतील. एसपीएफ पास दिसलं की लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात, कारण एसपीएफ पाकिटावरचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) तपासतं, आणि ठगाने स्वतःचं डोमेन घेतलं असेल तर ते पास होणारच. दिसणाऱ्या फ्रॉमशी ते जुळतंय का हे डीमार्क बघतं, म्हणून आधी डीमार्क बघा. तेही पास असेल तरी डोमेनचं स्पेलिंग एकेक अक्षर वाचा, एखादं अक्षर बदललेलं डोमेन कोणीही विकत घेतं.

मग 'रिटर्न-पाथ' शोधा, पाकिटावरचा पाठवणारा इथे लिहिलेला असतो. तो वेगळा दिसला म्हणजे लगेच फ्रॉड असं नाही हं, न्यूजलेटरवाले दुसऱ्या कंपनीकडून पाठवतात तेव्हाही वेगळाच येतो.

'रिसीव्ह्ड' ओळींचा प्रवास खालून वर असतो, प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो. पण खालच्या ओळी खोट्या घालता येतात, त्यामुळे वरून खाली या आणि आपल्या मेल कंपनीने बाहेरच्या सर्व्हरकडून मेल घेतला ती ओळ पकडा, तिथला आयपी (पाठवणाऱ्या सर्व्हरचा नंबर) भरवशाचा. वेळा ताडताना +०५३० म्हणजे आपली वेळ, -०७०० किंवा -०८०० (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ) असेल तर आधी आपल्या वेळेत बदलून घ्या.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) ला फोन. मेल डिलीट करू नका, आणि नुसता फॉरवर्डही नको, त्यात मूळ हेडर गळून जातात, त्याच पानावरचं 'डाउनलोड ओरिजिनल' दाबून ती फाइल तक्रारीसाठी ठेवा.