दोर गुंडाळल्यानंतरचे तास : मुलांच्या साहस शिबिरांत काम करू पाहणाऱ्यांसाठी

मुलांच्या साहस शिबिरांत प्रशिक्षक म्हणून येऊ पाहणारे बहुतेक तरुण गाठी, अँकर (दोर बांधण्याचा पक्का आधार), बिले (चढणाऱ्याचा दोर खालून-वरून सांभाळणे) आणि रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) यांची तयारी करून येतात. तुमची ती तयारी झालेली आहे असे मी धरून चालतो. मला सांगायचे आहे ते दिवसाच्या वेळापत्रकात ज्यांच्यासमोर ‘विश्रांती’, ‘मोकळा वेळ’ किंवा ‘परतीचा प्रवास’ एवढेच लिहिलेले असते, त्या तासांविषयी. माझी सुरुवातीची वर्षे सुरक्षितता म्हणजे दोराचे तंत्र याच समजुतीत गेली, कारण मला शिकवणाऱ्यांचीही तीच समजूत होती. कड्यावर प्रत्येक मुलाला हेल्मेट असते, हार्नेसचे, म्हणजे दोर अडकवण्याच्या कमरपट्ट्याचे, बकल दोघांनी तपासलेले असते, वर-खाली अनुभवी माणसे उभी असतात. दोर गुंडाळला की सगळ्यांचे लक्ष एकदम सैल पडते, आणि नेमक्या त्याच वेळी घामेजलेली मुले जवळच्या डोहाकडे धाव घेतात.

आपल्या देशातल्या ठळक दुर्घटना आठवून पाहा. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली होडी उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या. यांपैकी एकाही ठिकाणी कोणी कडा चढत नव्हते. सर्वत्र पाणी होते आणि सहलीचे निवांत वातावरण होते.

म्हणून पाण्याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी वाचावे अशी विनंती करतो. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, कारण त्याचे तोंड पाण्याबाहेर राहते तेवढ्या वेळात त्याला जेमतेम श्वास घेता येतो. त्यामुळे ‘काही झाले तर हाक मारतील’ हा भरवसा निरर्थक आहे. पाण्याकडे तोंड करून, मोबाइल खिशात ठेवून, दुसरे कोणतेही काम न करणारा माणूस काठावर हवाच. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने पोहता येणाऱ्यालाही नीट तरंगता येत नाही, आणि पडत्या धारेचा भोवरा खाली ओढतो. एक मूल गटांगळ्या खाऊ लागले की त्याच्या मित्रांची उडी मारण्याची ओढ अनावर असते, आणि मग एकाचे दोन, दोनाचे चार होतात. पाण्याजवळ जाण्याआधीच मुलांना बजावून ठेवले पाहिजे की उडी मारायची नाही. काठी पुढे करायची, दोर किंवा रिकामा कॅन फेकायचा आणि मोठ्यांना हाक द्यायची. हे सगळे जमणार नसेल तर त्या दिवशी पाण्यात कोणीही उतरणार नाही असे स्पष्ट सांगावे. मुले थोडा वेळ फुरंगटतात, पण रात्री जेवणाच्या पंगतीत तीच मुले तुमच्या शेजारी येऊन बसतात, तेव्हा या नाराजीची धास्ती घेऊ नये.

सह्याद्रीतल्या ओढ्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असते आणि वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस काही वेळाने खाली येतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या किंवा वरून घोंघावणारा आवाज आला, तर पलीकडे राहिलेल्या पिशव्यांचा विचार न करता मुलांना आपल्याच काठाने उंचावर न्यावे. गुडघाभर वेगवान पाणीही मुलाचे पाय उचलते. ओढा ओसरेपर्यंत थांबावे लागले म्हणून शिबिर फसत नाही. बसचालक आणि पालक यांना उशीर कळवण्याची सोय मात्र आधीच केलेली असावी.

आरोग्यपत्रकावर विसंबू नका. आपल्या मुलाला शिबिराला नेणार नाहीत या भीतीने अनेक पालक दमा, फिट येणे किंवा कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी लिहीतच नाहीत. प्रत्येक पालकाशी एकट्याने फोनवर बोलावे आणि आधी सांगावे की या उत्तरामुळे प्रवेश रद्द होणार नाही, फक्त तयारी बदलेल. मग माणसे बोलतात. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न वेगळाच होतो, आणि आग्या मोहोळ असलेल्या गडावर ॲलर्जीची माहिती जीव वाचवू शकते.

शिक्षणाबाबत माझे मत ठाम आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊन मुलांची जबाबदारी स्वीकारू नये. दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतला प्राथमिक अभ्यासक्रम जरूर करावा, पण तो प्रामुख्याने स्वतः चढायला शिकवतो. बारा वर्षांच्या, थकलेल्या आणि घरची आठवण येणाऱ्या मुलाला सांभाळणे हे वेगळे शिक्षण आहे आणि ते शाळेतल्या चांगल्या शिक्षकाकडूनही मिळते. गुरू निवडताना त्याने किती शिखरे गाठली यापेक्षा तो किती वेळा गट घेऊन अर्ध्यातून परतला हे विचारावे. ज्याच्या सगळ्या गोष्टी थोडक्यात बचावल्याच्या असतात, त्याच्या हाताखाली शिकताना सावध राहावे.

महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाचे साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचे आहे आणि त्यात आयोजकांची नोंदणी अपेक्षित आहे. कामाला लागण्यापूर्वी ती विचारण्यात संकोच नसावा. पालकांची सही असलेले संमतिपत्र निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून कोणालाही मोकळे करत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुम्हाला काही धोक्याचे वाटले तर ते लेखी द्यावे. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम बे येथे समुद्रात कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) चालवायला नेलेली चार मुले मरण पावली. त्यांना नेणाऱ्या साहस केंद्रात पूर्वी काम केलेल्या प्रशिक्षकांनी सुरक्षेतल्या उणिवांबद्दल व्यवस्थापनाला आधीच पत्र दिले होते. त्या पत्राचा खटल्यात उपयोग झाला, संचालकाला शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा आला. तुमचे पत्र साधे असावे: जागा, तारीख, काय दिसले, काय बदलायला हवे. एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. उत्तर येईपर्यंत त्या ठिकाणी मुलांना घेऊन जाण्यास नकार द्यावा, आणि नकार ऐकला जात नसेल तर दुसरीकडे काम शोधावे. उन्हाळी शिबिरांच्या हंगामात जबाबदार प्रशिक्षकांची गरज सगळीकडेच असते.