मूल कुणाच्या रंगाबद्दल बोललं, तर या चुका टाळा

एसटीत चार वर्षांचं पोर समोरच्या सीटकडे बोट दाखवून मोठ्यानं विचारतं, "आई, हे काका एवढे काळे का?" आई घाईघाईनं त्याचं तोंड दाबते. पहिली चूक इथेच होते. पोरानं रंग पाहिला तो मिशी किंवा टक्कल पाहावं तसा. "शू, असं बोलू नये" ऐकून त्याला एवढंच कळतं, की काळं असणं ही लपवायची गोष्ट आहे. त्यापेक्षा सरळ सांगा: "हो, त्यांचा रंग गडद आहे, तुझा जरा फिका. कातडीत रंग तयार होतो, कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी. तो आई-बाबांकडून येतो." बोट दाखवू नये, हे घरी गेल्यावर वेगळं समजवा.

"लहान आहे, त्याला काय कळतंय" या भ्रमात राहू नका. अमेरिकेत 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोनं कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. मुलं होती जेमतेम तीन ते सात वर्षांची, तरी बहुतेकांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली. आपल्याकडे हा धडा बारशापासूनच सुरू होतो: "रंग कुणावर गेलाय हो?" मग डाळीच्या पिठानं घासणं, "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील", आणि लाडानं हाक मारायची ती "काळू". (बाळाचा रंग जन्मानंतर काही महिन्यांत बदलतो, तो आपोआप. पिठानं कोवळी कातडी सोलवटते, बाकी काही होत नाही.)

समजूत काढतानाही आपण घसरतो. "रंगात काय आहे, मन सुंदर हवं" म्हणजे रंग सुंदर नाही हे कबूलच केलं की! "विठोबाही सावळाच" हे खरं, पण त्याच संध्याकाळी गोरेपणाचं क्रीम चोपडलंत तर पोर बरोबर ताडतं.

खडूंच्या पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला अजून सर्रास 'स्किन कलर' म्हणतात. क्रेयोला कंपनीनं आपल्या अशा खडूचं नाव 1962 मध्येच बदललं होतं. घरी पोस्टर कलर काढा. तपकिरीत थोडा पिवळा, किंचित पांढरा घालून मुलाला स्वतःच्या हाताशी रंग जुळवू द्या. तळहाताला एक छटा लागते, कोपराला दुसरीच. आजीचाही हात शेजारी ठेवा.

आणि "मला गोरं व्हायचंय" असं मूल म्हणालंच, तर "तू गोरीच आहेस गं" अशी थाप मारू नका. "कुणी काही म्हणालं का?" एवढं विचारा आणि थांबा. वर्गातलं असेल तर बाईंशी बोला. घरातलं असेल, आणि बहुतेकदा ते घरातलंच निघतं, तर मुलीच्या देखत सांगा: "आत्या, तिच्या रंगावरून बोललेलं आम्हाला चालणार नाही." आत्या दोन दिवस रुसेल. रुसू द्या.