पडलेला पाऊस आणि मुरलेला पाऊस : खरीप पेरणीपूर्वी काळ्या जमिनीसाठी सल्ला

किमान ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, ही शिफारस योग्यच आहे. मात्र पर्जन्यमापकातला आकडा पडलेल्या पाण्याचा असतो आणि बियाण्याच्या उपयोगी पडते ते मुरलेले पाणी. या दोहोंत किती फरक पडेल, याचा अंदाज गणिताने बांधता येतो.

ऑस्ट्रेलियातील ग्रीन आणि अँप्ट या शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये मांडलेले समीकरण आजही वापरात आहे. कोरडी माती पाणी खाली ओढून घेते. ओल जसजशी खोल जाते तसतशी ही ओढ अधिक जाडीच्या थरावर विभागली जाते आणि मुरण्याचा वेग मंदावत जातो. उदाहरणादाखल, पूर्ण भिजल्यावर तासाला ५ मिमी पाणी घेणारी जमीन धरू. तिची ओढ ३०० मिमी (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी) आणि पाण्यासाठी रिकामी जागा एकूण मातीच्या पाव भाग मानली, तर १५ मिमी पाणी मुरलेले असताना ती तासाला ३० मिमी पाणी घेऊ शकते, २५ मिमीनंतर २० मिमी आणि ७५ मिमीनंतर केवळ १० मिमी. म्हणजे जो जोराचा पाऊस सुरुवातीला सहज जिरतो, तोच दुसऱ्या दिवशी बांधावरून वाहून जातो. वाहून गेलेला प्रत्येक २० मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी दोन लाख लिटर पाणी, आणि त्याबरोबर जाणारी वरची सुपीक माती वेगळीच.

हे समीकरण एकसंध माती गृहीत धरते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीला ते लागू पडत नाही, कारण पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली उतरते आणि वरचा थर अर्धवट कोरडाच राहतो. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग एकदम खाली येतो. पहिला पाऊस पूर्ण जिरला म्हणून निर्धास्त राहणे इथेच महागात पडते.

आपल्या शेताचा वेग मोजण्यासाठी सुमारे ३० सेंमी व्यासाचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले लोखंडी कडे १० सेंमी खोल ठोकावे, आत पाणी भरून मोजपट्टीने दर दहा मिनिटांनी पातळी नोंदवावी. पाणी बाजूला पसरल्याने वेग जास्त दिसतो. म्हणून बाहेर मोठे कडे ठोकून त्यातही पाणी ठेवावे. भेगा मिटल्यावरच मोजणी करावी, आणि उताराच्या वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी करावी.

जिथे वेग कमी आढळेल तिथे पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विशेष उपयुक्त आहे, कारण सरीत थांबलेल्या पाण्याला मुरण्यास वेळ मिळतो आणि जादा पाण्याचा निचराही होतो. पावसाच्या थेंबांनी ढेकळे फुटून वर खपली धरते, तिच्यामुळे चांगली जमीनही पाणी घेईनाशी होते. पिकाचे अवशेष जाळू नयेत. त्यांचे आच्छादन हाच त्यावरचा स्वस्त उपाय आहे. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालणे टाळावे.

वरच्या उदाहरणातील जमिनीत ७५ मिमी पाणी खरोखर मुरले, तर ओल ३० सेंमीपर्यंत पोहोचते. पाऊस थांबल्यावर एक दिवस जाऊ द्यावा, भेगांपासून दूर दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन ओलीची खोली पाहावी. ती २० सेंमीच भरली तर पर्जन्यमापकात १०० मिमी दिसत असले तरी पुढच्या पावसाची वाट पाहावी. ३० सेंमीपर्यंत सलग ओल असेल, तर वाफसा (म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली, मशागतीजोगी स्थिती) येताच पेरणी करावी.