पीटीपी शिकताना: नेटवर्क कार्डाचे घड्याळ आणि संगणकाचे घड्याळ

लिनक्सवर पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून संगणकांची घड्याळे अतिशय अचूक जुळवण्याची पद्धत, शिकायला घेणाऱ्यांना एनटीपी या त्याच कामाच्या जुन्या, कमी अचूक पद्धतीची ओळख असणारच, म्हणून तो भाग सोडून देतो. पीटीपीचे आयईईई १५८८ हे मानक २००२ साली आले आणि २००८ व २०१९ मध्ये सुधारले गेले. पण ते वाचायला बसण्याआधी 'ईथटूल -टी' (टी कॅपिटल) ही आज्ञा देऊन आपले नेटवर्क कार्ड तपासावे. 'पीटीपी हार्डवेअर क्लॉक' या शब्दांपुढे 'नन' दिसले, म्हणजे कार्डाला स्वतःचे घड्याळच नसले, तर त्या कार्डावर वेळ घालवू नका. अशा वेळी पॅकेट कधी आले-गेले याची नोंद सॉफ्टवेअरला करावी लागते, आणि इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) व कर्नल (लिनक्सचा गाभा) यांचा कमीजास्त होणारा विलंब तिच्यात मिसळतो. महागडे कार्ड मात्र लागत नाही. शिकण्यासाठी इंटेलचे आय२१० हे कार्ड पुरेसे आहे.

मला सर्वाधिक छळले ते दोन घड्याळांनी. 'पीटीपी४एल' हा लिनक्सवर पीटीपी चालवणारा प्रोग्राम केवळ कार्डावरचे घड्याळ जुळवतो. लॉगमध्ये 'एस२' ही (घड्याळ जुळल्याची) अवस्था आणि मोजक्या नॅनोसेकंदांचा फरक दिसतो, आपण निश्चिंत होतो, आणि आपला प्रोग्राम मात्र संगणकाच्या घड्याळातली, न जुळवलेली वेळ वाचत राहतो. ती वेळ कार्डावरच्या घड्याळाशी जुळवण्याचे काम 'पीएचसी२सिस' या दुसऱ्या प्रोग्रामचे आहे आणि ते वेगळे चालवावे लागते. ते चालू असताना क्रोनी या एनटीपीच्या प्रोग्रामलाही संगणकाचे तेच घड्याळ हाकू दिले, तर दोघांची ओढाताण सुरू होते आणि वेळ पुढेमागे हेलकावत राहते.

यात आणखी एक मेख आहे. पीटीपीची वेळ सहसा टीएआय या (लीप सेकंद न धरणाऱ्या) अणुघड्याळांच्या मापात असते, तर संगणकाचे घड्याळ यूटीसी, म्हणजे लीप सेकंद धरणारी जागतिक प्रमाणवेळ, दाखवते. १ जानेवारी २०१७ पासून या दोहोंत ३७ सेकंदांचे अंतर आहे. म्हणून 'पीएचसी_सीटीएल' या साधनाच्या 'सीएमपी' आज्ञेने कार्डाचे आणि संगणकाचे अशी दोन्ही घड्याळे ताडून पाहिल्यावर ३७ सेकंदांच्या आसपासचा फरक आला, तर घाबरू नका, सारे ठीक आहे. उलट, ग्रँडमास्टर (नेटवर्कमधले सर्वांना वेळ पुरवणारे मुख्य घड्याळ) टीएआय देत असताना हा फरक शून्य दिसला, तर संगणकाचे घड्याळ यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे गेले आहे. 'पीएचसी२सिस'ला '-डब्ल्यू' हा पर्याय दिल्यास ते हे अंतर 'पीटीपी४एल'कडून स्वतःच घेते.

तयार कॉन्फिग फाइल हाती ठेवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा, शेजारी बसून लॉगमधली एकेक ओळ वाचायला लावणारा मार्गदर्शक शोधा, असे माझे ठाम मत आहे. तसा कोणी भेटला नाही, तरी अडत नाही. 'पीटीपी४एल' चालू ठेवून 'पीएचसी२सिस' थांबवा आणि दोन घड्याळांमधले अंतर कसे बदलत जाते ते थोडा वेळ पाहा. कोणता प्रोग्राम कोणते घड्याळ हाकतो, हे त्यातून स्पष्ट होते.