क्रिप्टो पाठवायच्या आधी समोरचं वॉलेट कसं तपासायचं

क्रिप्टोत एकदा सेंड दाबलं की विषय संपला. व्यवहार उलटा फिरवणारं कुणी नसतं, म्हणून जी काय शंका घ्यायची ती आधीच घ्यायची.

सुरुवातीलाच एक सांगतो, तपासायला फक्त समोरच्याचा (बँक खात्याच्या नंबरासारखा) पब्लिक अ‍ॅड्रेस लागतो, दुसरं काहीच नाही. हे आधी सांगायचं कारण म्हणजे "वॉलेट क्लीन आहे का बघा" म्हणणाऱ्या नकली साइट्सही फिरतायत, तिथे गेलं की "कनेक्ट वॉलेट" करायला लावतात, मग एक अप्रूव्हल साइन करून घेतात, म्हणजे तुमचे टोकन (वॉलेटमधली क्रिप्टो नाणी) हलवायची परवानगी, आणि त्या एका सहीवर ते उचलून नेतात. कनेक्ट करा म्हटलं की साइट बंद करायची. आणि १२ किंवा २४ शब्दांचा सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची मूळ चावी, तर कुणीही मागो, द्यायचा नाही.

आता पहिली पायरी, नेटवर्क, म्हणजे क्रिप्टो कोणत्या ब्लॉकचेनवरून जाणार ते. इथेरियमचा अ‍ॅड्रेस शून्य-एक्सने सुरू होतो आणि एकूण ४२ अक्षरांचा असतो, ट्रॉनचा टी ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा, बिटकॉइनचा १, ३ किंवा बीसी१ ने. समोरचा म्हणतोय ट्रॉनवर यूएसडीटी (टेथर कंपनीचं डॉलरशी जोडलेलं नाणं) पाठव आणि अ‍ॅड्रेस शून्य-एक्सवाला देतोय, तर तिथेच थांबा आणि विचारा.

दुसरी पायरी, अ‍ॅड्रेस ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, टाका. इथेरियमला इथरस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन, बिटकॉइनला मेमपूल. साइटचं नाव स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. इथे निवांत वेळ द्या, कारण खरी माहिती इथेच मिळते. पहिला व्यवहार कधीचा आहे ते बघा, माणूस सांगतोय पाच वर्षं ट्रेडिंग करतो आणि वॉलेट परवाचं आहे, तर का ते विचारायला हवं (नवं वॉलेट म्हणजे फसवणूक असं नाही, पण त्यावरून काहीच कळत नाही एवढं नक्की). मग पैसे कसे येतात-जातात ते बघा. वेगवेगळ्या लोकांकडून छोट्या रकमा येतायत आणि आल्या आल्या सगळं एकाच ठिकाणी पुढे जातंय, हा पॅटर्न फसवणुकीत नेहमी दिसतो, पण घाई नको, एक्सचेंजचे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइट्सचे) डिपॉझिट अ‍ॅड्रेस पण अगदी असेच दिसतात, त्यामुळे पैसे पुढे ज्या अ‍ॅड्रेसला जातायत तो उघडून बघा, त्यावर मोठ्या एक्सचेंजचं लेबल असेल तर गोष्ट वेगळी. इथरस्कॅन काही अ‍ॅड्रेसवर थेट "फेक फिशिंग" असं लेबल लावतं, ते दिसलं की पुढे काही बघायची गरजच नाही.

तिसरं, तक्रारी आणि याद्या. चेनअब्यूज या तक्रारींच्या साइटवर अ‍ॅड्रेस टाकून कुणी तक्रार केलीय का बघता येतं. अमेरिकेच्या अर्थखात्याचं निर्बंध कार्यालय ओफॅक २०१८ पासून निर्बंधांच्या यादीत क्रिप्टो अ‍ॅड्रेस पण टाकतं, ती यादी सगळ्यांना खुली आहे. एएमएल (मनी लाँडरिंग रोखण्यासाठीचा) स्कोअर देणाऱ्या सेवा टक्केवारीत रिस्क सांगतात, वापरा, पण तो त्यांचा अंदाज असतो आणि कालच सुरू झालेल्या फ्रॉडचं वॉलेट तिथे स्वच्छच दिसणार.

तुम्ही पैसे घेणार असाल तरी हे सगळं करा बरं का. टेथर आपल्या कॉन्ट्रॅक्टमधूनच (ब्लॉकचेनवर टोकन चालवणारा प्रोग्राम) एखाद्या अ‍ॅड्रेसचे यूएसडीटी फ्रीझ करू शकतं, आणि चोरीचे पैसे तुमच्याकडून एक्सचेंजवर गेले तर अकाउंट तुमचं अडकतं. शिवाय आलेला टोकन खरा आहे का ते त्याच्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅड्रेसवरून बघा, यूएसडीटी हे नाव कुणीही स्वतःच्या टोकनला देऊ शकतो.

आता अ‍ॅड्रेस जुळवणं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. आपण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघतो आणि ओके म्हणतो, तर चोर नेमका तीच अक्षरं जुळणारा अ‍ॅड्रेस तयार करतो आणि तुमच्या हिस्टरीत शून्य रकमेचा व्यवहार सोडतो. शून्याची ट्रान्सफर तुमच्या परवानगीशिवाय तुमच्याकडून गेल्यासारखी दाखवता येते, म्हणून ती खरी वाटते, मग पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून कॉपी करता आणि गेलं. मे २०२४ मध्ये एकाने अशाच चुकीने ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं, बिटकॉइनच्या किमतीचं टोकन), म्हणजे जवळपास ६.८ कोटी डॉलर चोराला पाठवले, नंतर बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत आली, पण असं सहसा होत नाही. म्हणून हिस्टरीतून कधीच कॉपी करायचं नाही, अ‍ॅड्रेस बुकमध्ये सेव्ह करायचा, आणि पेस्ट केल्यावर मधली अक्षरं पण वाचायची, कारण क्लिपबोर्डमधला अ‍ॅड्रेस बदलणारे व्हायरस असतात.

शेवटी छोटी रक्कम पाठवा आणि पोचली का ते समोरच्याला वेगळ्या मार्गाने विचारा, चॅटवर अ‍ॅड्रेस आला असेल तर फोन करून. टेस्टने अ‍ॅड्रेस बरोबर आहे एवढंच कळतं, माणूस खरा आहे हे नाही. आणि मधेच तो म्हणाला की "त्यावर नको, या दुसऱ्या अ‍ॅड्रेसवर पाठव", तर पहिल्या पायरीपासून सगळं परत.