लॅब ॲनिमल सायन्सच्या मास्टर्सला अर्ज करताय? या चुका टाळा

प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची निगा आणि त्यांच्यावरचं काम शिकवणारा हा विषय. गोव्यातून त्याच्याकडे वळणाऱ्यांत झूलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि बी.फार्म.वाले जास्त, व्हेटरनरीचे थोडे. गुण बहुतेकांचे पुरेसे असतात. अर्ज मार खातो तो दुसरीकडे. अर्जदाराने प्राणी खरोखर हाताळलाय का, कुठला, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळतच नाही.

कोर्स न ओळखता अर्ज करणं

लॅबोरेटरी ॲनिमल सायन्स आणि लॅबोरेटरी ॲनिमल मेडिसिन यांत गल्लत होते, आणि ती महागात पडते. मेडिसिन हे पशुवैद्यांसाठी. चेन्नईच्या तनुवास विद्यापीठातल्या लॅबोरेटरी ॲनिमल मेडिसिनच्या एम.व्ही.एस्सी.ला बी.व्ही.एस्सी. लागतेच, लॅब ॲनिमल पशुवैद्यांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या एक्लॅम मंडळाची परीक्षाही पशुवैद्यच देऊ शकतात. बी.एस्सी. किंवा बी.फार्म.वाल्याने सायन्सचे कार्यक्रम बघावेत. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा मास्टर ऑफ लॅबोरेटरी ॲनिमल सायन्स हा त्यातला एक. पुढे व्हेटरनरीला जाऊ पाहणारे आणि ॲनिमल फॅसिलिटी सांभाळू पाहणारे, दोघेही तिथे येतात. जर्मनीतल्या आखेनचा मास्टर्स नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी बेतलेला आहे, त्यामुळे नुकत्याच पदवी घेतलेल्याने अनुभवाची अट आधी वाचावी आणि मगच अर्जाची फी भरावी.

अमेरिकेतले काही कार्यक्रम पूर्ण ऑनलाइन आहेत. त्यांच्यावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. घरी बसून शिकायचं असेल तर ते उत्तमच, पण 'अमेरिकेला जायचं' म्हणून तिथे अर्ज टाकणारेही निघतात.

सॉफ्टवेअरवरचं प्रात्यक्षिक 'अनुभव' म्हणून लिहिणं

ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि पकडलीही लगेच जाते. यूजीसीने २०१४ मध्ये झूलॉजी आणि लाइफ सायन्सच्या अभ्यासक्रमांतलं विच्छेदन आणि प्राण्यांवरचे प्रयोग बंद केले. बी.फार्म.च्या फार्माकॉलॉजीत बेडकाच्या हृदयावर ॲड्रेनॅलिनचा परिणाम बहुतेक ठिकाणी एक्सफार्मसारख्या सॉफ्टवेअरवरच दाखवतात. म्हणजे पदवी हातात पडते तेव्हा अनेकांनी जिवंत उंदीर मुठीत धरलेला नसतो. यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'फार्माकॉलॉजी प्रॅक्टिकल्समध्ये ॲनिमल हँडलिंग केलं' असं लिहिलं की मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो : माऊस कसा उचलला?

शेपटीने, असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड होतो. शेपटीने उचललेले माऊस जास्त भेदरतात आणि हाताशी सलगी करत नाहीत. ओंजळीत किंवा पिंजऱ्यातल्या प्लास्टिकच्या नळीतून उचलले तर शांत राहतात. हे लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधनाने २०१० मध्ये दाखवलं, आणि परदेशातल्या चांगल्या फॅसिलिटींनी तेव्हापासून पद्धत बदलायला घेतली. आपल्याकडे अजून शेपटीच सर्रास. तुम्ही शिकलात ती पद्धत खरी सांगा, आणि दुसरी माहीत आहे हेही सांगा.

अनुभव नसेल तर अर्जाआधी तीन-सहा महिने तो मिळवा. पणजीचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), ताळगाव पठारावरचं विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स, यांपैकी जिथे प्राण्यांवर काम चालू असेल तिथल्या प्राध्यापकांना प्रकल्पाचं नाव घेऊन विचारा. 'काही इंटर्नशिप आहे का' या ईमेलला उत्तर येत नाही. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर चोर्ला घाटापलीकडे बेळगावात केएलई, कोकण रेल्वेने उडुपीला उतरलं की मणिपाल, शिवाय पुण्याचं एनसीसीएस आणि खारघरचं ॲक्ट्रेक आहे. जागा सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे, नोंदलेली आहे ना, एवढं आधी बघा. हीच पूर्वीची सीपीसीएसईए. अर्जात जुनं नाव लिहिलं तर काही आभाळ कोसळत नाही, पण माहिती शिळी आहे हे दिसतं.

अनुभवाची ओळ अशी लिहा : 'विस्टार रॅट, सुमारे ४० प्राणी, चार महिने, पिंजरे बदलणं, वजन घेणं, तोंडावाटे औषध देणं (स्वतः, पशुवैद्याच्या देखरेखीखाली), शेपटीच्या शिरेतून रक्त घेणं (फक्त पाहिलं).' 'स्वतः केलं', 'मदत केली' आणि 'पाहिलं' हे तीन वेगळे ठेवले की उरलेल्या अर्जावरही विश्वास बसतो. प्रकल्पाला संस्थेच्या नीतिसमितीची, म्हणजे आयएईसीची, मंजुरी होती हे लिहा. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरायला हातभार लावला असेल तर ती ओळ वगळू नका. जनावरांची संख्या कशी ठरवली हे सांगता येणारा अर्जदार क्वचितच भेटतो.

फेलासाचा, म्हणजे युरोपातल्या लॅब ॲनिमल सायन्स संघटनांच्या महासंघाने मान्य केलेला, कोर्स केला असेल तर नुसतं 'फेलासा सर्टिफाइड' पुरत नाही. प्रमाणपत्र ए, बी, सी, डी यांपैकी कुठल्या फंक्शनचं आणि कुठल्या प्रजातीसाठी, हे लिहा. प्रयोग आखणं हे बी, जनावराची निगा राखणं हे सी. दोन्ही एकच समजणाऱ्याला परदेशात कोणी पिंजऱ्याजवळ फिरकू देत नाही.

भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणात किंवा नसबंदी शिबिरात काम केलेली गोव्यातली मुलं तो अनुभव एकतर लपवतात, नाहीतर प्रयोगशाळेचा म्हणून दाखवतात. दोन्ही चुकीचं. तो वेगळ्या मथळ्याखाली द्या. भुलीतून बाहेर येणाऱ्या कुत्र्याचं तापमान, श्वास आणि हिरड्यांचा रंग बघायची सवय लागलेली असेल, तर तीच नजर इथेही लागते. जुन्या गोव्याच्या आयसीएआर संस्थेत डुकरांवर किंवा गाईंवर काम केलं असेल तर त्यालाही हाच न्याय : ते पशुधन, लॅब ॲनिमल नव्हे.

'मला लहानपणापासून प्राणी आवडतात'

या वाक्याने सुरू होणारं एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, निवड समितीने शेकड्याने वाचलेलं असतं. खरी अडचण पुढे आहे. या कामात जनावरं मारावी लागतात, आणि आवड सांगणारा अर्जदार त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. यूथनेशियाचा, म्हणजे प्राण्याला वेदना न देता मारण्याचा, उल्लेख टाळलेल्या अर्जावरून वाचणारा असाच निष्कर्ष काढतो की याने विचार केलेला नाही आणि हा सहा महिन्यांत सोडून जाईल. दोन-तीन सरळ वाक्यं पुरतात : कुठल्या स्थितीत प्राण्याला पुढे ठेवणं अयोग्य ठरतं, ती वेळ कशी ओळखायची, निर्णय कोणाचा.

तीन आर सगळेच लिहितात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट. पण रिडक्शन म्हणजे 'जितके कमी तितकं चांगलं' असं लिहिलं की पंचाईत. संख्या इतकी कमी ठेवली की निकालच लागला नाही, तर ते सगळे प्राणी वाया गेले आणि प्रयोग पुन्हा करावा लागला. रिडक्शन म्हणजे प्रश्नाचं उत्तर मिळेल एवढीच संख्या, हिशेबाने काढलेली. आणि एसओपीत तिन्हींच्या व्याख्या देऊ नका, स्वतःच्या कामातलं एकच उदाहरण द्या.

कंपनीत किंवा सीआरओत (कंत्राटावर संशोधन करणाऱ्या संस्थेत) काम केलेल्यांसाठी : औषधाचा कोड, प्रायोजकाचं नाव, अभ्यासाचा निकाल एसओपीत नको. गोपनीयतेचा करार मोडणारा उमेदवार कोणालाच नको असतो. ॲनिमल रूममधला फोटो इन्स्टाग्रामवर असेल तर अर्जाआधी नव्हे, आजच काढा.

मुलाखतीत हिशेब अडणं

पाठांतर ठीक असतं, पण साधं गणित विचारलं की गाडी अडते. माऊस २५ ग्रॅमचा, डोस १० मिलिग्रॅम प्रतिकिलो, देण्याचं प्रमाण १० मिलिलिटर प्रतिकिलो. द्यायचे ०.२५ मिलिलिटर, औषध ०.२५ मिलिग्रॅम, म्हणून द्रावण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं. दुसरं नेहमीचं : एकावेळी रक्त किती घ्याल? माऊसचं एकूण रक्त साधारण ७२ मिलिलिटर प्रतिकिलो, म्हणजे २५ ग्रॅमच्या माऊसमध्ये १.८ मिलिलिटर, त्याचे दहा टक्के, ०.१८ मिलिलिटर. 'अर्धा मिलिलिटर' म्हणणाऱ्याने तो माऊस जवळपास मारलाच.

गोव्याच्या उमेदवाराला एक विषय फुकट मिळालेला आहे आणि तो कोणी वापरत नाही : पावसाळा. खोलीची सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत हवी. जुलैत बाहेर ती ९०च्या आसपास असते, वीज गेली की एसी बंद. तूस किंवा मक्याच्या कणसाचं बेडिंग ओलं राहतं, मूत्रातल्या युरियावर जिवाणू काम करतात, अमोनिया वाढतो, आणि आधीच मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग असलेल्या रॅटची छाती बिघडते. मग तुम्ही काय केलं? पिंजरे बदलायचे दिवस कमी केले, बेडिंगच्या गोणी जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवल्या, किमान-कमाल तापमान आणि आर्द्रता रोज सकाळी वहीत लिहिली, जनरेटर किती वेळात सुरू होतो ते मोजलं. यांतलं जे खरोखर केलं असेल ते सांगा. थंड देशातल्या परीक्षकाला कोरड्या हवेतला रिंगटेल (शेपटीवर वळी पडण्याचा विकार) माहीत असतो, हे नसतं.

ॲलर्जी

माऊस आणि रॅटच्या मूत्रातल्या प्रथिनांची ॲलर्जी या धंद्यातला नेहमीचा आजार, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होणारा. दमा असेल, किंवा ॲनिमल हाऊसमधून आल्यावर शिंका आणि डोळ्यांना खाज येत असेल, तर लाखांचं कर्ज काढायच्या आधी डॉक्टरांकडे जा.

कागदपत्रांतलं नाव

गोव्यात हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त. शिरोडकर आडनाव जन्मनोंदणीत पोर्तुगीज वळणाने 'एक्स'ने, दहावीच्या प्रमाणपत्रावर 'एस-एच'ने. प्रभुदेसाईंत एक 'एस' की दोन. ख्रिस्ती नावांत मधली दोन नावं पासपोर्टवर आहेत, गुणपत्रिकेवर नाहीत. परदेशी पोर्टल हे दोन वेगळे माणूस समजतं. अर्जात पासपोर्टवरचंच नाव टाका. फरक स्पेलिंगपुरता असेल तर प्रतिज्ञापत्र जोडा. नावच बदललं असेल तर १९९०च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखालची नोंद लागेल, आणि तिला वेळ लागतो.

घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर अर्जाआधी ठरवा तुम्ही कुठल्या नागरिकत्वावर अर्ज करताय. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. युरोपीय नागरिकाला जर्मनीत विद्यार्थी व्हिसा लागत नाही. भारतीयाला लागतो, आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून त्यासाठी एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्रही लागतं, ज्याची तयारी काही आठवडे आधी हवी. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घ्यायचं असेल तर नागरिकत्वाची आणि वास्तव्याची अट त्याच वेळी वाचून घ्या.

दहापैकीचा ग्रेड स्वतः ०.४ ने गुणून चारपैकी करू नका. आहे तो लिहा, गुणपत्रिकेमागचं ग्रेडचं कोष्टक स्कॅन करून जोडा. ट्रान्सक्रिप्ट चतुर्थीच्या आधी मागवा. डिसेंबरची मुदत असलेल्यांनी ३ तारखेचं गोंयच्या सायबाचं फेस्त, १९चा मुक्तिदिन आणि नाताळ धरूनच दिवस मोजावेत. त्या महिन्यात टेबलावरची फाइल फारशी हलत नाही.

शिफारसपत्र

प्राचार्यांची सही वजनदार वाटते, पण ज्यांनी तुम्हाला पिंजऱ्याजवळ पाहिलंच नाही त्यांचं पत्र हलकंच पडतं. ॲनिमल हाऊसच्या पशुवैद्याचं चार ओळींचं पत्र जास्त उपयोगी. 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणणारे भेटतातच. तेव्हा त्यांना मसुदा न देता मुद्दे द्या : किती महिने, कुठली प्रजाती, कुठली कामं, एखादी चूक आणि ती कशी सुधारली. तिन्ही पत्रांत एकच भाषा दिसली की ती कोणी लिहिली हे उघड होतं. पत्र संस्थेच्या ईमेलवरून जायला हवं, खासगी जीमेलवरून नव्हे. आणि पोर्टलवरून शिफारसकर्त्याला जाणारा दुवा बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करून तो सापडला का ते विचारा, मुदतीच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा.