क्यूजीआयएसला नवा डेटाबेस कनेक्टर जोडताय? या चुका टाळा

"सर, कनेक्टर चालतोय. नकाशा दिसला!" असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी एकच विचारतो, टेबलात ओळी किती होत्या आणि नकाशावर आकार किती आले? पलीकडे शांतता.

मी नाशिकमध्ये द्राक्षबागा, कालवे, पाणंद रस्ते यांचे नकाशे करतो, सगळं क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर. हे सॉफ्टवेअर २००२ साली सुरू झालं आणि आजही खुलं आहे, त्यामुळे नवनव्या डेटाबेसना जोडणारे कनेक्टर त्यात येत राहतात. ते लिहिणारा माणूस बहुधा दुसऱ्या खंडात बसलेला असतो. त्याच्याकडे सातबारा नाही, पोटहिस्से नाहीत, 'त्र्यंबकेश्वर' हे नाव नाही. त्याच्या कोडचा खरा कस आपल्या डेटावर लागतो. म्हणून हे तपासणीचं काम मला महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून त्रास होतो.

गट नंबरला किल्ली समजणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि सगळ्यात महाग हीच पडते.

प्रत्येक ओळ ओळखायला कनेक्टरला असा एक कॉलम लागतो, ज्यात कुठलीच किंमत दोनदा येत नाही. टेबलाला प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्यासाठी ठरवून दिलेली किल्ली, असेल तर प्रश्न मिटला. पण आपल्याकडची टेबलं बहुतेक शेपफाइलमधून (नकाशाच्या डेटाची जुनी फाइल) ओतलेली असतात, नाहीतर दोन टेबलं जोडून केलेले व्ह्यू असतात. त्यांना की नसते. मग जोडणीच्या खिडकीत विचारणा होते, कोणता कॉलम वापरू? घाईतला माणूस यादीत 'गट नंबर' बघतो, निवडतो आणि पुढे जातो.

काही वर्षांपूर्वी निफाड आणि दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार गटाचं काम आमच्याकडे होतं. १७ गावांतल्या बागा, प्रत्येक तुकड्याला वाण, छाटणीची तारीख, फवारणी. त्याच सुमारास एका डेटाबेसचा नवा कनेक्टर आला होता आणि आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलानं तो तपासायला घेतला. हुशार मुलगा, पण पहिल्याच दिवशी निकाल हवा होता. त्यानं गट नंबर निवडला. नकाशा झटकन उमटला. ओझरचा गट ११२ उघडून त्यानं गोडी छाटणीची तारीख बदलली, बांधाचा एक कोपरा जरा सरकवला, सेव्ह केलं. कसलीही तक्रार नाही. आणखी आठ-नऊ गटांवर हेच केलं आणि संध्याकाळी मला सांगितलं, वाचणं-लिहिणं दोन्ही व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी पिंपळगाव बसवंतहून एका बागायतदाराचा फोन आला. त्यांची बाग नकाशावरून गायब होती. दुपारपर्यंत असे चार फोन झाले.

गट ११२ फक्त ओझरला नव्हता, १४ गावांत होता. कनेक्टरनं डेटाबेसला सांगितलं होतं, ज्या ओळीत गट नंबर ११२ आहे तिथे ही तारीख आणि हा आकार लिही. डेटाबेसनं आज्ञा पाळली. चौदाही गावांच्या ११२ ला एकच तारीख लागली आणि चौदाही आकार ओझरला जाऊन एकावर एक बसले. वरून पाहणाऱ्याला तिथे एकच बाग दिसत होती, आणि बाकी तेरा गावांत त्या जागी पांढरं भोक. इतर गटांची गत तीच.

बॅकअप शुक्रवारचा होता आणि हे घडलं मंगळवारी. मधल्या दिवसांच्या सगळ्या नोंदी आम्ही बागायतदारांच्या वह्या मागवून पुन्हा भरल्या. त्या मुलाला मी बोललो नाही, कारण चालू डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या हातात मीच दिला होता. चाचणीला वेगळी प्रत काढायला अर्धा तास लागला असता.

पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसचा जुना, मुरलेला कनेक्टर व्ह्यूच्या बाबतीत किंमती खरंच वेगवेगळ्या आहेत का ते पडताळतो. नव्या कनेक्टरकडून ही काळजी गृहीत धरू नका. माझी सवय अशी की क्यूजीआयएस उघडण्याआधीच डेटाबेसमध्ये दोन आकडे काढायचे, एकूण ओळी किती आणि त्या कॉलममधल्या वेगळ्या किंमती किती. जुळले नाहीत तर तिथेच थांबायचं. 'गाव कोड आणि गट नंबर एकत्र केले की झालं' असं सांगणारेही भेटतात. ११२/१ आणि ११२/२ हे पोटहिस्से आले की तेही कोसळतं. मी प्रत्येक टेबलाला स्वतःचा पूर्णांकी क्रमांकाचा कॉलम घालतो, समोर कितीही देखणा कॉलम असला तरी. मग प्रतीवर एक ओळ पुसतो आणि पाहतो, एकूण संख्या बरोबर एकानंच कमी झाली का.

रामकुंड नॉर्वेच्या पलीकडे

दुसरी चूक अक्षांश-रेखांशाच्या क्रमाची. ईपीएसजी ४३२६ (अंशांत जागा सांगणाऱ्या प्रणालीचा क्रमांक) च्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो. पण पोस्टजीआयएस आणि बहुतेक नकाशा सॉफ्टवेअर रेखांश आधी धरतात. मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये ४३२६ साठी अक्षांश आधी. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसच्या जिऑग्रफी प्रकारात (गोल पृथ्वी धरणारा कॉलम) मजकुरातून आकार बनवताना रेखांश आधी, पण बिंदू बनवणाऱ्या फंक्शनमध्ये अक्षांश आधी! कनेक्टर लिहिणाऱ्याचा इथे घोटाळा होणं अगदी शक्य आहे.

नाशिक साधारण २० अंश उत्तर आणि ७३.८ अंश पूर्व. आकडे उलटले की रामकुंड जातो ७३.८ अंश उत्तरेला आणि २० अंश पूर्वेला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या थंडगार समुद्रात. वाचतानाच उलटलं असेल तर हे लगेच दिसतं. घात होतो तो कनेक्टर लिहिताना आणि वाचताना, दोन्ही वेळा उलटवतो तेव्हा. मग तुमच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी असतं, डेटाबेसमध्ये मात्र चूक साठत जाते. सहा महिन्यांनी दुसरं कुणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून तेच टेबल उघडतं आणि तेव्हा कळतं. ज्या कनेक्टरनं लिहिलं त्याच कनेक्टरनं वाचून पाहणं ही तपासणी होत नाही.

मी मागे ओपनस्ट्रीटमॅप लावतो, रामकुंडावर एक बिंदू ठेवून सेव्ह करतो आणि क्यूजीआयएस बंद करतो. मग डेटाबेसच्या स्वतःच्या खिडकीतून रेखांश देणारं आणि अक्षांश देणारं फंक्शन वेगवेगळं चालवतो. रेखांशाला ७३.७९ च्या जवळचा आकडा यायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे.

याच घरातली आणखी एक चूक. नव्या कनेक्टरमधून कधी कधी एसआरआयडी, म्हणजे आकार कोणत्या प्रणालीत आहे तो क्रमांक, शून्य येतो. मग घाईतला माणूस वेबवरच्या नकाशांची सवय म्हणून ३८५७ चिकटवतो, किंवा सगळं टेबलच त्यात बदलून टाकतो, आणि पुढे डेटाबेसच्या फंक्शननं क्षेत्रफळ काढतो. ३८५७ हे वेब मर्केटर, वेबवरच्या नकाशांची प्रणाली. आपल्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ साधारण १३ टक्क्यांनी फुगतं. ४० गुंठ्यांचा एकर ४५ गुंठ्यांचा होतो. सातबाऱ्यावर आर-आर मोजणाऱ्या माणसासमोर हा आकडा ठेवून पाहा. नाशिकला क्षेत्रफळासाठी ३२६४३ घ्या, म्हणजे यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी प्रणाली) झोन ४३ उत्तर. ७८ अंशांच्या पूर्वेला वर्धा-नागपूरकडे काम असेल तर ३२६४४. आणि प्रणालीचं नाव नुसतं लावणं वेगळं, आकडे रूपांतरित करणं वेगळं. हा फरक ज्याला सांगता येत नाही त्यानं अजून कनेक्टर तपासायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

एसक्यूएल सर्व्हरच्या जिऑग्रफी प्रकारात बहुभुजाचे बिंदू कोणत्या दिशेनं फिरतात याला अर्थ असतो. दिशा उलटली की तुमची बाग सोडून उरलेली पृथ्वी बाग ठरते. दिशा फिरवण्याचं फंक्शन तिथेच आहे, ते वापरा.

दहा बिंदूंवर वेग तपासू नका. दहा ओळींना स्पॅशियल इंडेक्स (जागेवरून ओळी पटकन शोधणारी सूची) आहे की नाही, काही फरक पडत नाही. निदान एका तालुक्याचे तुकडे घ्या.

सर्व्हर आपल्याच मशिनवर ठेवून 'वेगवान आहे' म्हणू नका. मी लॅपटॉप घेऊन दिंडोरीच्या एका बागेतल्या शेडमध्ये बसतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. एकेका ओळीसाठी वेगळी फेरी मारणारा कनेक्टर तिथे लगेच उघडा पडतो. संपादन चालू असताना हॉटस्पॉट बंदही करून पाहा. न साठलेले बदल गेले का, आणि तसं सांगितलं का?

अंदाजे मेटाडेटाचा पर्याय (टेबल न मोजता डेटाबेसच्या आकडेवारीवरून अंदाज घेणारा) सुरुवातीला बंद ठेवा. आकडेवारी ताजी नसली तर 'लेयरवर झूम' भलतीकडेच नेतं.

पासवर्ड प्रोजेक्ट फाइलमध्ये साठवू नका. क्यूजीआयएसची ऑथेंटिकेशनची वेगळी सोय आहे, मास्टर पासवर्डसकट.

चाचणीसाठी वेगळी यूजर प्रोफाइल काढा. रोजच्या प्रोफाइलमधले प्लगइन मध्ये आले की दोष कुणाचा तेच कळत नाही.

मराठी नावं

यावर कुणी वेळ घालवत नाही, आणि ही तपासणी आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा वेगळे मोजून) ३ बाइट घेतं. 'त्र्यंबकेश्वर' मध्ये १३ चिन्हं, म्हणजे ३९ बाइट. कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या डेटाबेसात ३० लांबीचा कॉलम केला तर हे नाव मावत नाही. प्रश्न असा की कनेक्टर तसं सांगतो की गुपचूप शेपूट कापतो? तसंच 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना सारखं, शोधताना वेगळं. नावात 'ऱ्ह' असलेली गावं गाळणीतून निसटतात ती यामुळे. कॉलमचं नाव मराठीत असेल तर कनेक्टर ते अवतरणात घालतो का, तेही पाहा.

हे सगळं दर वेळी आठवत बसायला नको म्हणून मी १२ ओळींचं एक टेबल करून ठेवलंय. आकार नसलेली एक ओळ, रिकामा आकार असलेली एक, मधे गावठाणाचं भोक असलेला गट, दोन तुकड्यांत विभागलेला गट, उंचीसकट बिंदू, स्वतःलाच छेदणारा बांध, 'त्र्यंबकेश्वर', दोन्ही प्रकारचा 'ऱ', नावात एकेरी अवतरण चिन्ह, १९०० च्या आधीची तारीख, आणि शेवटच्या दोन ओळी ओझर आणि पिंपळगावच्या गट ११२ च्या. कुठलाही नवा कनेक्टर आला की आधी हे टेबल. बारा गेल्या आणि बाराच्या बारा जशाच्या तशा परत आल्या तरच पुढे.

चूक सापडली की गिटहबवर (जिथे प्रोग्रॅमर कोड ठेवतात आणि तक्रारी घेतात) 'चालत नाही' एवढंच लिहून येऊ नका. त्या वाक्यातून प्रोग्रॅमरला काहीच हाती लागत नाही. क्यूजीआयएसची नेमकी आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एफ-१२ दाबून उघडणाऱ्या पॅनेलमध्ये क्वेरी लॉगर, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञांची नोंदवही, आहे. कनेक्टर तिथे नोंद करत असेल तर पाठवलेली क्वेरी उतरवून घ्या, नाहीतर डेटाबेसचा लॉग पाहा. आणि बागायतदारांचा खरा डेटा जोडू नका. चूक जेवढ्या ओळींत पुन्हा दिसते तेवढ्याच ओळी, नावं बदलून, पाठवा. गट ११२ च्या वेळी मी दोनच ओळी पाठवल्या होत्या.